आजोबांच्या फोटोतला ठिपका

चौलच्या एका वाडीतले आजोबा आमच्या वाचनवर्गाला येत असतात. वय सत्तरीच्या पुढचे. लिहायला शिकले ते आत्ता, दोन वर्षांपूर्वी. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. नुसते आजोबा म्हणू.

एकदा ते वर्गाला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजोबा पडवीत एकटेच बसले होते. शेजारी वेगळे ताट, वेगळा पेला. चार वर्षांचा नातू आतल्या दारातून टकमक बघत होता. आजोबांच्या जवळ जायची त्याला बंदी होती.

झाले होते ते असे. आजोबांच्या डोळ्याला मोतीबिंदू. त्याच्या शस्त्रक्रियेआधी छातीचा फोटो काढून आणा, असे त्यांना कुणी सांगितले. फोटोत उजव्या फुप्फुसात एक पांढरा ठिपका दिसला. फोटो हातात देणारा घाईत म्हणाला, "जुना टी.बी. दिसतोय." बस्स, एवढेच. घरी पोचेपर्यंत 'जुना' हा शब्द वाटेतच गळून पडला. उरला तो टी.बी.

आजोबा आम्हाला म्हणाले, "गुरुजी, मला कधी खोकला नाय, कधी रक्त पडलं नाय. मग हा रोग माझ्या छातीत शिरला कधी? आणि शिरला तर इतकी वर्षं गप्प कसा बसला?"

आतल्या खोलीत त्यांचा धाकटा मुलगा खोकत होता. तेव्हा आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. ती चूक आमचीच. तिचे पुढे सांगू.

आजोबांचा प्रश्न मात्र नामी होता. इतकी वर्षं गप्प कसा बसला? त्या दिवशी पडवीत बसून आम्ही जे सांगितले, ते येथे लिहीत आहोत. गोष्ट थोडी लांब आहे. वाचकांनी थांबत थांबत वाचावी.

जंतू आणि माणूस

क्षयाचा जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एका मिलिमीटरच्या जागेत तीनशेच्या आसपास जंतू ओळीने बसतील, इतका तो लहान. जर्मनीतले डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी तो जगापुढे मांडला. त्याआधी कुणी म्हणे हा रोग घराण्यातून येतो, कुणी म्हणे करणी केली, कुणी म्हणे मागच्या जन्मीचे पाप.

जंतू सापडला. पण त्याला मारणारे औषध लगेच मिळाले नाही. आनंदीबाई जोशींचे नाव तुम्ही ऐकले असेल. लग्नानंतर त्यांचे पती गोपाळराव यांनी त्यांना शिकवले. गोपाळराव टपाल खात्यात होते आणि बदलीमुळे हे जोडपे काही काळ आपल्या अलिबागेत राहिले होते. पुढे आनंदीबाई अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कॉखने जंतू दाखवून तेव्हा पाच वर्षे होत आली होती. स्वतः डॉक्टर असूनही आनंदीबाईंना घ्यायला औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिले खरे औषध अमेरिकेत सापडले ते १९४३ साली.

तोपर्यंत छातीतली लढाई शरीराला एकट्यानेच लढावी लागे. शरीर ती नेहमीच हरत होते का? नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६१ ते १९६८ या काळात तिकडच्या खेड्यांतल्या रोग्यांची नोंद ठेवली. त्या खेड्यांत तेव्हा औषधोपचाराची सोय पोचलेली नव्हती. थुंकीत जंतू असलेल्या दर शंभर रोग्यांपैकी सुमारे ४९ जण पाच वर्षांत दगावले. सुमारे १८ जण जंतू बाहेर टाकत, खोकत राहिले. आणि उरलेल्या सुमारे ३३ जणांच्या थुंकीतून जंतू आपोआप नाहीसे झाले. हे आकडे वाचताना मन कष्टी होते. शंभरातली ४९ माणसे म्हणजे थोडी नव्हेत. पण ते ३३ जण कशाने वाचले, हाही प्रश्न उरतोच.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. ज्यांच्या छातीत जंतू शिरतो पण रोग कधी होतच नाही, अशी माणसे कितीतरी जास्त असतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात मोठी पाहणी झाली. पंधरा वर्षांवरच्या दर शंभर माणसांत सुमारे ३१ जणांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा शिरकाव झालेला आढळला. दत्तजयंतीला चौलच्या टेकडीवर जत्रा भरते. पायऱ्या चढणाऱ्या गर्दीतली कुठलीही शंभर मोठी माणसे घ्या. देशाच्या सरासरीने त्यांतल्या तिसांच्या छातीत हा पाहुणा येऊन गेला आहे, किंवा अजून आहे. आणि ती माणसे खुशाल पायऱ्या चढत आहेत! त्या तिसांपैकी फार तर दोघा-तिघांना आयुष्यात कधीतरी क्षय होईल. बाकीच्यांना होणार नाही.

का होणार नाही? कारण छातीत पहारा आहे.

पहारेकरी

आपले फुप्फुस म्हणजे पोकळ पिशवी नव्हे. त्यात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात. सुपारीचा घोस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे थोडी कल्पना येईल. आपण श्वास घेतला की हवा या फुग्यांपर्यंत पोचते. हवेबरोबर धूळ येते, धूर येतो, जंतूही येतात. क्षयाचा रोगी बंद खोलीत खोकला, की थुंकीचे अगदी सूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात. ते दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. क्षय लागतो तो असा, हवेतून. ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून नाही. हे वाक्य आम्ही आजोबांच्या सुनेला दोनदा सांगितले. तुम्हीही दोनदा वाचा.

शरीर हे पेशी नावाच्या अतिसूक्ष्म कणांचे बनलेले असते. प्रत्येक फुग्यात काही पेशी पहारा करीत फिरत असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. जे परके दिसेल ते गिळायचे, हे त्यांचे काम. गिळलेला जंतू त्यांच्या पोटातल्या एका पिशवीत जातो. मग तीव्र आंबट रसाची दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतू विरघळून जातो. बहुतेक जंतूंची कथा येथेच संपते.

क्षयाचा जंतू मात्र लबाड आहे. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असते. भक्षक पेशीने त्याला गिळले, तरी तो आंबट रसाची पिशवी आपल्या पिशवीला मिळूच देत नाही. चोराला पकडून चौकीत आणावे आणि त्याने चौकीतच बिऱ्हाड मांडावे, तशातला प्रकार. ज्याने पकडले त्याच्याच पोटात तो वाढू लागतो. वाढतो मात्र सावकाश. पोटातले काही साधे जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. याला एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो.

तेवढ्या वेळात शरीर स्वस्थ बसत नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला ठाऊक आहे. ती जांघेतली गाठ म्हणजे शरीराची छावणीच असते. तशाच गाठी छातीतही आहेत. निरोप्या पेशी जंतूचे तुकडे घेऊन त्या गाठींत जातात आणि दाखवतात, "पाहा, असा दिसणारा शत्रू आला आहे." तेथे टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तेथे त्या तयार होतात, म्हणून नाव टी. हजारो प्रकारच्या टी पेशींतून जिला हा शत्रू ओळखता येतो, ती निवडली जाते. मग तिच्यासारख्या लाखो पेशी बनतात. या सगळ्याला दोन ते आठ आठवडे लागतात. शरीराच्या मानाने हा उशीरच म्हणायचा.

टी पेशी फुप्फुसात पोचल्या की रंग पालटतो. त्यांतल्या मदतनीस टी पेशी इंटरफेरॉन नावाचा रस सोडतात. हा रस म्हणजे भक्षक पेशींना हुकूम: "झोपू नका, भट्टी पेटवा!" मग त्याच भक्षक पेशी, ज्यांच्या पोटात जंतू निवांत बसला होता, त्याला मारू लागतात. दुसऱ्या काही टी पेशी तर जंतूने भरलेल्या निकामी पेशीलाच मारून टाकतात. बी पेशी नावाच्या आणखी पांढऱ्या पेशी आसपास गोळा होतात आणि जंतूला चिकटणारे पदार्थ तयार करतात.

बरेच जंतू मरतात. पण सगळे मरतातच असे नाही. उरलेल्यांचे काय करायचे?

वेढा

रेवदंड्याचा कोट तुम्ही पाहिला असेल. अलिबागेहून मुरुडकडे जाणारा रस्ता त्याच्या तटातूनच जातो. १५७० साल संपत आले होते, तेव्हा अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने तेथल्या पोर्तुगीजांना वेढा घातला. फौज मोठी होती. १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत वेढा चालला. तरी पोर्तुगीज हटले नाहीत. कारण समुद्राची बाजू मोकळी होती. जहाजांतून माणसे आणि सामान येत राहिले. शेवटी तह झाला आणि वेढा उठला.

शरीर ही चूक करीत नाही. जंतू उरला आहे असे दिसले, की ते चारी बाजूंनी वेढा घालते. मध्ये जंतू. त्याच्याभोवती भक्षक पेशी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. काही तर एकमेकींत मिसळून एकच मोठी पेशी होतात. त्यांच्या बाहेर टी पेशींचे आणि बी पेशींचे कडे. त्याही बाहेर धाग्यांसारखा चिवट पदार्थ जमतो. अशी एक बारीक गाठ तयार होते. मोहरीएवढी, फार तर मुगाएवढी. आत प्राणवायू कमी पोचतो, खायला कमी मिळते. मधला भाग मरून नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा होतो. जंतूला वाढणे जमत नाही. तो एका जागी दबून, झोपल्यासारखा पडून राहतो. पुढे वर्षे गेली की अशा काही गाठींत चुना साठतो. पानाला लावतो त्या चुन्यातले कॅल्शियम, तेच हे. क्ष-किरण त्यातून पलीकडे नीट जात नाहीत, म्हणून फोटोत तेथे पांढरा ठिपका उठतो.

आजोबांचा ठिपका हाच.

त्यांना आठवले. लहानपणी त्यांचे एक चुलते याच घरात खोकून खोकून गेले. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. थंडीत दारे लावून चुलत्यांच्या शेजारीच निजायचे. आता कुणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण जंतू बहुधा तेव्हा आला. म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ आजोबांच्या छातीत वेढा चालू होता. ते माडांना पाणी देत होते, लग्न करीत होते, मुले वाढवीत होते, आणि आत पहारा बदलत होता. पेशी माणसासारख्या सत्तर वर्षे जगत नाहीत. जुन्या जातात, नव्या त्यांच्या जागी उभ्या राहतात. वेढा तसाच राहतो.

हे ऐकून आजोबा म्हणाले, "म्हंजे आमच्या खाराच्या बांधासारखं म्हणा की. खाडीचं पाणी काय कुठं जात नाय. बांध आहे तवर शेत आपलं."

आम्ही गुरुजी खरे, पण वेढ्याची उपमा आम्हाला जेवढी जमली, त्याहून ही बरी होती.

बांधाला खांड का पडते

खाराचा बांध एकदा घातला आणि विसरला, असे चालत नाही. खेकडे बिळे करतात. माती खचते. गावची माणसे बांधावर जाईनाशी झाली, की एखाद्या उधाणाला खांड पडते आणि शेतात खारे पाणी शिरते. छातीतही तसेच होते. जंतू आत आलेल्या दर शंभर माणसांत पाच ते दहा जणांना आयुष्यात केव्हातरी क्षय होतो. काहींना पहिल्या दोन वर्षांतच, काहींना चाळीस वर्षांनी. जंतू जुनाच, पहारा ढिला पडला म्हणून तो उठतो.

एड्सचा विषाणू नेमका मदतनीस टी पेशींनाच मारतो. हुकूम देणारेच गेले, तर भट्टी कोण पेटवणार? म्हणून ज्याच्या शरीरात हा विषाणू आहे आणि औषध चालू नाही, त्याला इतरांना आयुष्यभरात जेवढा क्षयाचा धोका असतो, जवळजवळ तेवढा दर वर्षाला असतो.

दुसरे उदाहरण औषधाचे आहे. वेढ्यातल्या पेशी एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून शरीर टी.एन.एफ. नावाचा एक पदार्थ बनवते. सांधे सुजण्याच्या एका रोगात हाच पदार्थ त्रास देतो, म्हणून त्याला अडवणारी औषधे निघाली. औषधे गुणकारी होती. पण २००१ च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आले, की ती घेणाऱ्या काही रोग्यांच्या छातीतला जुना क्षय जागा होतो आहे. कड्यातला चिखल काढला, कडे सुटले! तेव्हापासून असे औषध देण्याआधी जुन्या क्षयाची तपासणी करतात.

मधुमेह असला आणि साखर ताब्यात नसली, तर पहारा सुस्त होतो. क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. विडी-सिगारेटच्या धुराने भक्षक पेशींची पोटे काजळीने भरतात. काजळीने भरलेली पेशी जंतूकडे नीट जाऊ शकत नाही. दारूचेही तसेच. पण आपल्या देशात बांधाला सर्वांत मोठे भगदाड पाडते ती भूक.

यावर थोडे थांबू या. पेशी कशाच्या बनतात? आपण खातो त्याच्या. डाळ, मासळी, अंडी, दूध यांतून जे मिळते, त्यातूनच नव्या टी पेशी तयार होतात. पोट अर्धे राहिले, तर पहारेकऱ्यांची भरती कमी होते. हे म्हणायला सोपे आहे, पण करून पाहिले का कुणी? पाहिले. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये एक मोठा प्रयोग झाला. क्षयरोग्यांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांची नोंद केली. रोग्याला शिधा सगळ्याच घरांत दिला. पण निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. औषध नव्हे, डाळ-तांदूळ! ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या घरांपेक्षा सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघाले. हे निष्कर्ष २०२३ साली छापून आले.

हे वाचून कुणी म्हणेल, मग शक्तीची एखादी बाटली घेऊ. बाजारात 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून पुष्कळ बाटल्या मिळतात. आमचे मत विचाराल तर तेवढ्या पैशांत बोंबील आणि मूग आणावेत. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. शरीराचा पहारा फार भडकणेही वाईटच. पेशी चवताळून लढू लागल्या, तर गाठीचा मधला भाग पातळ होतो आणि गाठ श्वासनळीत फुटते. फुप्फुसात पोकळी पडते. जंतूला मोकळी हवा मिळते, तो भराभर वाढतो आणि प्रत्येक खोकल्याबरोबर बाहेर पडतो. क्षयरोग्याच्या छातीचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे आपल्याच फौजेच्या हातून होते. म्हणून पहारा हवा तो शिस्तीचा.

आणि वेढा एकच असतो असेही नाही. एका छातीत अनेक गाठी असू शकतात. अमेरिकेत माकडांवर अभ्यास झाला. तो २०१४ साली छापला गेला. एकाच माकडाच्या फुप्फुसात काही गाठींतले जंतू पूर्ण मेलेले होते, तर शेजारच्याच गाठीत ते जिवंत होते. दहा ठिकाणी बांध पक्का असून भागत नाही. अकराव्या ठिकाणी बीळ असले, की पाणी आत.

लहान बाळांच्या दंडावर बी.सी.जी.ची लस टोचतात, तिचेही येथेच सांगून टाकू. ती टोचली की पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख आधीच होते. बाळांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगली वाचवते. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा दंडावर वण आहे म्हणून खोकला अंगावर काढू नये.

दोन फोटो

आता पुन्हा आजोबांच्या पडवीत चला.

ठिपका जुना आहे, हे ओळखायचे कसे? डॉक्टर म्हणाले, "पूर्वीचा एखादा फोटो आहे का?" आजोबांच्या सुनेला आठवले. बारा वर्षांपूर्वी ते शिडीवरून पडले होते, तेव्हा बरगडी दुखावली म्हणून फोटो काढला होता. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी तो सापडला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. ठिपका त्याच जागी, तेवढाच. बारा वर्षांत केसभरही वाढला नव्हता. आजोबांना खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही. त्यांच्यापासून कुणालाही रोग लागणार नव्हता. वेढ्यात दबलेला जंतू श्वासातून बाहेर पडत नाही.

मग डॉक्टरांनी विचारले, "घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला आहे?"

सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने सूनच हळूच म्हणाली, "ह्यांना आहे. तीन आठवडे होऊन गेले. अडुळशाचा काढा देते मी."

तो धाकटा मुलगा. वय चाळीस, टेंपो चालवतो, मधुमेह आहे, औषध कधी घेतो कधी नाही. त्याची विजार सैल झाली होती, ते सगळ्यांनी पाहिले होते. म्हाताऱ्याच्या पेल्याकडे घरातल्या सगळ्यांचे डोळे लागले होते, आणि नातू रात्री निजत होता तो या बापाच्या कुशीत. आम्ही स्वतः त्या पडवीत तासभर बसून पहारेकऱ्यांच्या गोष्टी सांगत होतो, आतला खोकला ऐकत होतो, आणि आम्हालाही विचारावेसे वाटले नाही.

थुंकी तपासली. जंतू निघाले.

सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. साखरेचे औषधही नियमित झाले. नोव्हेंबर २०२४ पासून सरकारने पोषणासाठी रोग्याला महिना एक हजार रुपये ठरवले आहेत. त्याचीही नोंद झाली. घरातल्या प्रत्येकाची तपासणी झाली. कुणाला रोग नव्हता. तरी नातवाला, सुनेला आणि आजोबांनाही प्रतिबंधक गोळ्या दिल्या. त्या का? बाळाच्या छातीत वेढा पुरता बसलेला नसतो. त्याला कुमक पाठवावी लागते.

दोन महिन्यांत मुलाचा खोकला गेला. वजन वाढले. आणि एका संध्याकाळी तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, आता बरा झालो. गोळ्यांनी मळमळतं. बंद केल्या तर?"

आम्ही त्याला वेढ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. औषधे लवकर मारतात ती जागे असलेले, वाढणारे जंतू. ते गेले की खोकला जातो, माणसाला बरे वाटते. पण गाठींच्या आत झोपलेले जंतू तसेच असतात. ते एकेक करून मारायला महिने लागतात. मध्येच औषध सोडले, तर जे उरतात ते पुन्हा उठतात, आणि औषधाला न जुमानणारेही होऊ शकतात. मळमळते हे खरे आहे. ते डॉक्टरांना सांग, त्यावर उपाय आहे. गोळी मात्र बंद करू नकोस.

तो काही बोलला नाही. टेंपो चालू करून गेला. त्याला पटले की नाही, ते आम्हाला कळेना.

पण आजोबा ऐकत होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन त्यांना आता बारीक अक्षरही दिसते. पडवीतल्या खांबाला त्यांनी एक कॅलेंडर टांगले आहे. रोज सकाळी मुलगा त्यांच्यासमोर गोळ्या घेतो. मग आजोबा नातवाला मांडीवर घेऊन पेन्सिलीने त्या दिवसाच्या चौकटीत कितवा दिवस तो आकडा लिहितात. वर्गात शिकलेले आकडे. आठ थोडा वाकडा येतो. परवा आम्ही गेलो, तेव्हा ते १०८ लिहीत होते.